सैल गाठ

खमिसला खुर्चीला बांधायला सुरुवात केली ती सुनेनं. रागानं नव्हे, भीतीनं. पण बांधणाऱ्याच्या मनात काय आहे याची चौकशी बांधलेला माणूस करत बसत नाही.

थंडीत तो संडासाकडे जाताना अंगणात घसरला आणि खुब्यावर आपटला. चाळीस दिवस पाठीवर काढले. उठला तेव्हा डावा पाय दोन बोटं आखूड झाला होता, पण उठला. दवाखान्यातला डॉक्टर सालिहाला बाजूला घेऊन म्हणाला, "आता पुन्हा पडले तर उठायचे नाहीत." सालिहानं ते वाक्य तावीज बांधावा तसं गळ्यात बांधून घेतलं. घरी आल्यावर तिनं प्लास्टिकची खुर्ची पडवीतल्या खांबाला टेकवली, सासऱ्याला तीत बसवलं, आपली जुनी काळी शाल त्याच्या पोटावरून घेतली आणि खांबामागं दुहेरी गाठ मारली. हात पोचू नये अशा जागी.

खांब खजुराच्या खोडाचा होता. वादळात पडलेलं झाड खमिसनंच तोडून आणून उभं केलं होतं. नवव्या वर्षापासून तो अनवाणी पायांनी खजुरावर चढत आला. कमरेला कधी दोरी लावली नाही. त्या बागांत दोरी लावून चढणारा गडी दिसला की लोक त्याला विचारत, "काय रे, आईनं बांधून पाठवलंय का?" ज्यानं साठ-पासष्ट वर्षं झाडाच्या शेंड्यावर बांधून घेतलं नाही, त्याला आता जमिनीवर खजुराला बांधलं होतं.

"सोड गं. मला जायचंय," तो म्हणायचा.

"आत्ताच तर जाऊन आलात, बाबा."

"आत्ता म्हणजे सकाळी."

"हाताचं पीठ धुते नि येते. दम धरा जरा."

पीठ धुऊन होईतो शेळी ओरडायची. शेळीचं बघेतो मातीच्या भट्टीत चिकटवलेली भाकर करपायची. सालिहा येईपर्यंत खमिसचा पायजमा ओला झालेला असायचा. मग ती कमरेवर हात ठेवून म्हणायची, "बघा. आणि म्हणे माझं मी जातो." बांधलं म्हणून ओलं होतं की ओलं होतं म्हणून बांधलं, याचा निवाडा करायला त्या घरात कुणाला सवड नव्हती. ओल्या कपड्यांत नमाज होत नाही. पाचांतले दोन-तीन चुकायला लागले, आणि खमिसनं त्याबद्दल कुणापाशी तोंड उघडलं नाही.

संडासाच्या दाराची आतली कडीही तिनं उपटून काढली होती. तो आत बसला की ती दार अर्धं उघडं ठेवून समोर उभी राहायची.

"तोंड तरी तिकडं कर," तो म्हणायचा.

"पडलात तर दिसायला नको?"

त्याच्या दोन्ही मुली ट्युनिसला. दर जुम्म्याला त्यांचा फोन यायचा आणि दोघींचाही पहिला प्रश्न एकच असायचा: बाबा पडले नाहीत ना? बाबा चालले का, असं कुणी विचारलं नाही. सालिहा सांगायची, "नाही पडले." फोन ठेवला की ती खांबामागं जाऊन गाठ पुन्हा एकदा ओढून बघायची.

त्या साली मार्चमध्येच दक्षिणेचा गरम वारा सुटला. एरवी खजुराच्या पोया, म्हणजे फुलांचे मिटलेले कोश, महिनाभर एकामागून एक उघडतात. या वर्षी खारटाणावरून असा फुफाटा आला की खमिसच्या बागेतल्या एकेचाळीस झाडांच्या पोया चार दिवसांत फुटायला लागल्या. पोय उघडली की तीन-चार दिवसांच्या आत तिच्यात नर झाडाची फुलं खोचावी लागतात. ती वेळ हुकली की फळ धरत नाही, धरलंच तर बिनबियांचा चोथा, शेळ्यांपुढं टाकायच्या लायकीचा. हे काम वर चढून हातानंच करायचं. चढणारे सगळे शहराकडं गेले होते. गावात उरला होता एकटा रमदान, आणि त्याच्या मागं अख्खा गाव. त्यानं गुरुवार दिला होता. गुरुवारी नाही तर मग नाहीच.

रविवारी त्यानं पाटाकडच्या जुन्या नरावर चढून नऊ पोया तेवढ्या काढून दिल्या. खमिसच्या मुलानं, तिजानीनं, त्या खताच्या प्लास्टिक पिशवीत कोंबल्या, पिशवीचं तोंड निळ्या सुतळीनं करकचून बांधलं आणि पिशवी पडवीच्या कोपऱ्यात, जवाच्या रांजणामागं ठेवली. खमिसच्या खुर्चीपासून चार हातांवर.

"तोंड सोड तिचं," खमिस म्हणाला. "चादरीवर पसर. सावलीला."

"वारं बघताय ना कसलं सुटलंय? फुलांची भुकटी उडून जाईल सगळी."

"उडाली तर थोडी उडेल. कोंडलीस तर सगळी कुजेल."

"शेतकीचा माणूस आला होता शाळेत. तो म्हणाला, बंद करून ठेवा, वर्षभर टिकते."

"वाळवून बंद करा म्हणाला असेल."

"तुम्ही होतात तिथं?"

"मी इथं होतो. खांबाला."

तिजानी सुतळी ठेवायला आत गेला. तो मिठाच्या कारखान्याची गाडी चालवायचा. पहाटे जायचा, दिवस कलताना यायचा, अंगाला मिठाचा पांढरा थर घेऊन. झाडावर तो चढत नसे. पंधराव्या वर्षी एकदा चढला होता, आणि अर्ध्यावर त्याचे हातपाय आखडले. खमिसनं वर जाऊन त्याला खांद्यावर घेऊन खाली उतरवलं होतं. तेव्हापासून तिजानी बागेत आला की खालीच बघून चालायचा.

मंगळवारी दुपारी पडवीत वास सुटला.

नराच्या फुलांना ताजेपणी एक वास असतो. कच्च्या पिठाचा, आणि आणखी कशाचा तरी, ज्यावरून बागेत बायका ओढणी तोंडाला लावून हसतात. पण हा वास तो नव्हता. हा आंबूस होता, नाकात झोंबणारा, गोठ्यातल्या कोपऱ्यासारखा. खमिसला तो सकाळीच आला होता. त्यानं दोनदा हाक मारली होती आणि दोनदा "आले, आले" ऐकलं होतं.

शेजारची हद्दा चाळण मागायला आली होती. सालिहा तिला घेऊन पडवीत आली आणि जागीच थांबली. नाक मुरडलं.

"पुन्हा?"

"मी नाही," खमिस म्हणाला.

"मग कोण? शेळी?"

"पिशवी आहे ती. नर कुजतोय तिच्यात. सोड तिला लवकर."

हद्दानं चाळण तोंडापुढं धरली. "ऐकलंस का गं? सासऱ्याला तुझ्या अजून नराची आठवण येतीय."

सालिहाला हसायचं नव्हतं, पण हसू आलं. दिवसभर राबलेल्या बाईला एकदा आलं की आवरत नाही तसं आलं. दोघी हसल्या. मग तिनं डोळे पुसले, बादली भरून आणली, खांबामागची गाठ सोडली आणि म्हणाली, "उठा. खांबाला धरा."

"मी कोरडा आहे."

"दिसतंय. नाकाला दिसतंय मला."

भर दुपारी, हद्दा उभी असताना, तिनं त्याचा पायजमा खाली ओढला. पायजमा कोरडा होता. तिनं तो हातात घेऊन उलटसुलट करून पाहिला. मग म्हणाली, "आता आणलंच आहे पाणी." आणि तांब्या ओतला. हद्दानं तोंड फिरवलं, पण जे बघायचं ते बघून झाल्यावर.

खमिस दोन्ही हातांनी खांब धरून उभा होता. बायको मरून अकरा वर्षं झाली होती. तिच्याशिवाय त्याला असं कुणी पाहिलं नव्हतं, आणि तिनंही उजेडात पाहिलं नव्हतं.

"तुझ्या बापाला असं धुतलं असतंस?" त्यानं खांबाकडं बघतच विचारलं.

"माझ्या बापाला धुवायला कुणी नव्हतंच. एकटा पडला नि एकटा मेला. तिसऱ्या दिवशी कळलं गावाला."

"त्याचं उट्टं माझ्यावर काढतेस होय?"

"जीभ तेवढी नाही पडली यांची," सालिहा हद्दाला म्हणाली. मग त्याला म्हणाली, "हात वर कर."

कर म्हणाली. करा नाही. खमिसनं हात वर केला.

संध्याकाळी तिजानी आला तो बगलेत औषधाच्या दुकानातलं मोठं पुडकं घेऊनच. सालिहानं फोन केला असणार. त्यानं ते बापाच्या मांडीवर ठेवलं. वर गुलाबी गालांच्या एका हसऱ्या म्हाताऱ्याचं चित्र होतं.

"हे काय?"

"डायपर. मोठ्या माणसांचे. तिला त्रास कमी होईल, तुम्हालाही बरं."

"मी कोरडा होतो. विचार तिला."

सालिहा चुलीपाशी पाठ करून रव्याच्या कुसकुसला वाफ देत होती. तिनं मागं पाहिलं नाही.

"आज असाल," तिजानी म्हणाला.

"पिशवी सोड, तिजानी. अजून वरच्या दोन पोया वाचतील."

"उद्या बघू. अंगात त्राण नाही माझ्या."

"उद्या काय बघणार? परवा रमदान येणार. त्याच्या हातात काय देणार, चिखल?"

"बाबा, तुम्हाला काही सांगायची सोय नाही. कधीच नव्हती."

खमिस भडकला. "पंधराव्या वर्षी झाडावर अडकलास तेव्हा तुझी विजार ओली झाली होती. मी खांद्यावर घेऊन उतरवलं तुला. कुणाला एका शब्दानं सांगितलं नाही."

तिजानीनं बापाकडं बघितलं.

"तुम्ही सगळ्या बागेला सांगितलंत, बाबा. खाली उतरायच्या आधी, वरूनच ओरडलात. रमदान अजून मला त्याच नावानं हाक मारतो."

तो हातपाय धुवायला निघून गेला. खमिस म्हणणार होता की हे खोटं आहे. मग त्याला ते आठवलं. वरून बाग कशी दिसत होती तेही आठवलं, आणि खालून आलेलं हसू. त्यात सगळ्यांत मोठं हसू त्याचं स्वतःचं होतं. त्या रात्री तो जेवला नाही. पुडकं त्यानं बसल्या जागेवरून अंगणातल्या कोंबड्यांच्या खुराड्याकडं भिरकावलं, आणि पिशवी बांधलेलीच राहिली.

बुधवारी सकाळी शाल गवताचा भारा बांधायला हवी होती म्हणून सालिहानं निळी सुतळी घेतली, तिजानीच्या पिशवीला होती तीच. तीन वेढे घातले. शाल झटकून खांद्यावर टाकली आणि विळा घेतला.

"लसूणघास कापून आणते. दुपारच्या आत येते. पाणी इथं ठेवलंय."

"मला आधी नेऊन आण."

"तासापूर्वी नेलं होतं."

"सालिहा."

"एक जीव आहे माझा, बाबा. तोही कापून वाटून घ्या सगळ्यांनी." आणि ती गेली.

दार लागल्याचा आवाज आला. खमिसनं सुतळी चाचपली. शाल निदान ताणली तर थोडी सैल व्हायची. ही होत नव्हती. जितकं हलावं तितकी मांसात बसत होती. हात मागं पोचत नव्हते. पण खांब त्याच्या ओळखीचा होता. झावळ्या छाटल्यावर खोडावर जे खुंट राहतात ते त्यानं कधी तासून काढले नव्हते. बायको त्यांना चाळण्या टांगायची म्हणून ठेवले होते. त्यातला एक त्याच्या कमरेमागं, उजव्या अंगाला होता. त्यानं पाय रोवले, खुर्चीसकट अंग उचललं आणि सुतळी त्या खुंटावर घासली. वर, खाली. वर, खाली. दहा वेळा करायचं, दम घ्यायचा. सुतळीबरोबर कातडंही घासत होतं. शेजारी हद्दा कोंबड्यांना शिव्या देत होती. तिला हाक मारावी असं त्याच्या एकदा मनात आलं आणि त्यानं दात आवळले. ऊन पडवीच्या दुसऱ्या फरशीवर आलं तेव्हा पहिला वेढा तुटला. उरलेले दोन मग आपोआप ढिले झाले.

तो उठला. पहिल्यांदा तो पिशवीकडं गेला नाही. भिंतीला हात लावत, आखूड पाय ओढत, एकोणीस पावलं चालून संडासात गेला. दार लावून घेतलं. कडी नव्हती म्हणून एका हातानं धरून ठेवलं. आपलं आपण उरकलं. बाहेर येऊन नळाखाली हात, तोंड, पाय धुतले, वजू केला आणि ओट्यावर बसून चुकलेला नमाज पढला. दोन महिन्यांत पहिल्यांदा आपल्या अंगाचा वास त्याला आपला वाटला.

मग त्यानं पिशवी सोडली. आतून वाफ आली. वरच्या पोया घामेजून काळ्या पडल्या होत्या, खालच्यांचा लगदा झाला होता. त्यानं फुलांची एक काडी उचलून बाहीवर आपटली. बाहीवर ओला काळा डाग पडला. भुकटीचा कण नाही.

त्याला संताप आला, पण तो करायला समोर कुणी नव्हतं. आणि त्याच वेळी त्याला पाटाच्या वळणावरचं लहान झाड आठवलं. कुणी थुंकलेल्या बीपासून उगवलेलं. बीचं झाड नर की मादी हे ते पहिल्यांदा फुलल्याशिवाय कळत नाही. तिजानी दोन वर्षं म्हणत होता, तोडून टाकू, पाणी खातंय. ते मागच्या वसंतात पहिल्यांदा फुललं, दोन पोया आल्या, आणि त्या फक्त खमिसनं पाहिल्या होत्या. नर होता. झाड जेमतेम दीड पुरुष उंच. त्यावर चढायचं कामच नव्हतं.

त्याची काठी सालिहानं माळ्यावर टाकली होती. त्याचा छाटणीचा विळा कुठं लपवला होता देव जाणे. त्यानं गोठ्यातून एक झावळीचा दांडा घेतला, स्वयंपाकातली सुरी कमरेला खोचली आणि दार उघडलं. बाग तीनशे पावलांवर. एरवी ती वाट तो एका गाण्यात चालायचा. आज दर वीस पावलांना भिंत धरून उभा राहिला. भिंत संपली तिथं पाटाच्या बांधावर बसला, पुन्हा उठला. वाटेत कुणी भेटलं नाही याबद्दल त्यानं अल्लाचे आभार मानले.

लहान नराला चार पोया होत्या. दोन फुटलेल्या, एक तडकत होती, एक मिटलेली. खालच्या दोन त्यानं खोडाला पाठ टेकवून, हात वर करून कापल्या. तिसरीला सुरी पोचत नव्हती. तो टाचा उचलत होता तेवढ्यात मागं गवताचा भारा धप्पकन पडला.

"कुणी सोडलं तुम्हाला?"

"खांबानं."

सालिहाचा चेहरा पांढरा पडला होता. "आणि पडला असतात म्हणजे? तुमच्या पोरींनी मला जितं ठेवलं असतं? गावानं काय म्हटलं असतं, सुनेनं ढकलला म्हणून—"

"पडलो नाही."

"पडला असतात तर!"

"पडलो नाही म्हणतोय ना. तीनशे पावलं चाललोय. हेही सांग त्यांना फोनवर."

तिनं त्याच्या पाठीवरचं रक्त पाहिलं. सदरा कमरेपाशी चिकटला होता. तिचा हात पुढं आला आणि तिथंच थांबला. "चला घरी," ती खालच्या आवाजात म्हणाली.

"ती वरची काढ आधी."

"मी? बायका नर काढत नाहीत. तशी चाल नाही इथं."

"म्हाताऱ्याला शेजारणीपुढं नागवं करायची तरी चाल कुठं होती? तूच पाडलीस."

सालिहानं त्याच्या हातातली सुरी हिसकून घेतली, खालच्या खुंटावर पाय दिला आणि उरलेल्या दोन्ही पोया अशा कापल्या की जणू कुणाचा तरी गळा कापतेय. हातांवर काटे ओढले गेले. ती उतरली.

"शाल दे," खमिस म्हणाला.

तिनं गवताभोवती गुंडाळलेली काळी शाल सोडून जमिनीवर टाकली. ज्या शालीनं त्याला बांधलं जायचं तीच. खमिसनं फुललेल्या पोयीतली एक काडी घेऊन शालीवर हलकेच झटकली. काळ्यावर पिवळट पांढरं पीठ उठलं.

"नाकाला लाव."

तिनं लावलं.

"आता घरी जाऊन त्या पिशवीत नाक घाल. मग मंगळवारी कुणाचा वास येत होता ते सांग."

परतताना तो तिचा हात धरायला तयार नव्हता आणि ती त्याला एकटं सोडायला तयार नव्हती. भारा डोक्यावर घेऊन ती मागून चालत राहिली. "इकडून. तिथं दगड आहे."

"दिसतोय."

"पाय उचला."

"उचलतोय."

घरी येऊन तिनं पिशवीवर वाकून श्वास घेतला आणि मागं सरकली. मग ती पिशवी फरफटत गोठ्यामागं नेऊन उलटी केली, आणि साबणानं तीनदा हात धुतले. माफीचा शब्द तिच्या तोंडून निघाला नाही. खमिसनं त्याची वाटही पाहिली नाही. संध्याकाळी तिजानी आला तेव्हा ताज्या पोया पडवीत काळ्या शालीवर पसरलेल्या होत्या. तिनं त्याला एवढंच सांगितलं, "तुझा नर कुजला. हा दुसरा आहे. याला हात लावशील तर बघ."

गुरुवारी तिनं माळ्यावरची काठी काढून दाराशी टेकवून ठेवली, जणू ती तिथंच असायची. तिजानीनं कामावर खाडा केला. खमिस एका झाडाच्या बुंध्याशी बसून तीन-तीन काड्यांच्या जुड्या करत होता आणि रमदान वर खोचत होता, नराची फुलं उलटी करून, पोयीच्या मधोमध. तिजानीनं जुड्या खोचलेल्या पोया बांधायला निळ्या सुतळीचं रीळ आणलं होतं.

"ते नको," खमिस म्हणाला. "झावळीची पात घे. अशी. एकच वेढा, टोक आत. पाहिलंस?"

"सुटेल की."

"सुटायलाच पाहिजे. घोस फुगतो, तशी पात सुकते नि आपली आपण सुटते. ही सुतळी सुटत नाही. घोस गळा आवळून मरतो."

सालिहा टोपली घेऊन तिथंच उभी होती. तिनं पात उचलून बोटाभोवती एकदा गुंडाळून पाहिली.

"माल एक नंबर आहे, खमिसकाका," रमदान वरून ओरडला. "पण मूठभरच आहे."

सव्विसाव्या झाडावर काड्या संपल्या. उरलेल्या पंधरा झाडांच्या पोया उघड्या तोंडांनी वाऱ्यात हलत होत्या.

"यांचं काय?" तिजानीनं विचारलं.

"यांचं गेलं."

"नीट सांगायचं होतंत, बाबा."

"सांगितलं होतं."

"ओरडलात. सांगितलं नाहीत."

खमिसच्या जिभेवर जे आलं होतं ते त्यानं गिळलं. वर रमदाननं तिजानीला त्या जुन्या नावानं हाक मारली, विळा वर दे म्हणून.

"त्याचं नाव तिजानी आहे," खमिस वर न बघता म्हणाला. "विजार माझीही ओली होते आता. मला काय नाव ठेवतोस?"

तिजानीनं विळा वर दिला. सुतळीचं रीळ त्यानं खिशात घालून ठेवलं.

जुम्म्याच्या दिवशी दुपारी खमिस खुर्चीत बसला होता. बांधलेला नव्हता. सालिहा आतून आली तेव्हा तिच्या हातात शाल नव्हती. त्याचा जुना खजुराच्या काथ्याचा दोर होता, कापलेले घोस झाडावरून खाली सोडायचा, अंगठ्याएवढा जाड. तिनं त्याचं एक टोक संडासाच्या चौकटीला बांधलं. मग दोर ओढत पडवीत आली, दुसरं टोक खांबाला धरलं आणि खमिसला म्हणाली, "उभे राहा."

तो उभा राहिला. तिनं दोर त्याच्या कमरेच्या उंचीला लावून पाहिला, थोडा वर घेतला.

भिंतीवरून हद्दाचं डोकं निघालं. "दोर कशाला गं बांधतेस?"

"वाळत घालायला."

"काय?"

"सासरा."

खमिसला हसू आलं, पण ते त्यानं तिला दिसू दिलं नाही. "पडलात तर मी उचलणार नाही, सांगून ठेवते," सालिहा म्हणाली.

"कुणी सांगितलंय उचलायला?"

"आणि पोरींचा फोन आला तर तुम्हीच घ्यायचा."

"घेईन." तिनं पातीची गाठ मारतात तसा एकच वेढा घेतला होता. त्यानं तिचा हात थांबवला. "इथं नको तसली. ही घट्ट मार."

सालिहानं खांबाला पाय लावून दोर ओढला. गाठ आवळताना काथ्या करकरला. खमिसनं त्यावर हात टाकून भार देऊन पाहिला. दोर हलला नाही. तो निघाला, दोरावर हात सरकवत, एकोणीस पावलं, आणि चौकटीशी पोचून थांबला.

"कडी?" त्यानं मागं वळून विचारलं.

"एका दिवसात सगळं मागू नका."

तो आत गेला आणि दार ओढून घेतलं. सालिहा सवयीनं चार पावलं पुढं आली, दाराशी थांबली. मग तिनं वळून दाराकडं पाठ केली आणि हात बांधून उभी राहिली. हद्दा अजून भिंतीवरून बघतच होती.

"काय बघतेस?" सालिहा म्हणाली. "माणूस आत गेलाय."